टाळलेला शब्द : अमेरिकन यादवी युद्धाचा एक अन्वयार्थ

‘सिव्हिल वॉर’ या संज्ञेसाठी मराठीत ‘यादवी’ हा शब्द रूढ आहे. त्यामागे महाभारताच्या मौसलपर्वातील कथा उभी आहे. प्रभासक्षेत्री मद्यधुंद झालेले यादव एकमेकांवर तुटून पडले, हाती आलेल्या एरका गवताचे मुसळ झाले आणि एक थोर कुळ आपल्याच हातांनी नष्ट झाले. या शब्दात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. लढणारे दोन्ही पक्ष परस्परांचे आप्त असतात, ही पहिली. आणि कलहाचे निमित्त क्षुल्लक असून त्याचे खरे मूळ एखाद्या शापात, म्हणजे मानवी इच्छेच्या पलीकडे असते, ही दुसरी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे युद्ध झाले, त्याला हा शब्द लावताना यातील पहिले गृहीत अर्धेच लागू पडते आणि दुसरे मुळीच लागू पडत नाही. उत्तरेचे आणि दक्षिणेचे बहुसंख्य गोरे सैनिक एकच भाषा बोलत होते, एकाच बायबलवर हात ठेवून शपथ घेत होते. अनेक घरांतून भाऊ भावासमोर उभा ठाकला होता, हे खरे. परंतु या कलहाच्या मध्यभागी सुमारे ४० लाख माणसे अशी होती, की ज्यांना दोन्ही पक्षांनी दीर्घकाळ आप्तांत धरलेच नव्हते. यादवांच्या कथेत असा तिसरा पक्ष नाही. म्हणूनच ‘यादवी’ म्हणताच हा तिसरा पक्ष आपल्याही नजरेआड होतो.

हा केवळ मराठी अनुवादाचा प्रश्न नाही. खुद्द अमेरिकेतही या युद्धाचा इतिहास पुष्कळ अंशी एक शब्द टाळण्याचा इतिहास आहे. तो शब्द म्हणजे ‘गुलामी’. राष्ट्राच्या घटनाकारांनी तो टाळला, विधिमंडळाने त्याच्या उच्चाराला बंदी केली, युद्धाने तो उच्चारणे भाग पाडले आणि युद्धानंतरच्या पिढ्यांनी तो पुन्हा झाकून ठेवला. या चार अवस्था क्रमाने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान असल्याची घोषणा केली. तिचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यांच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर ठेवणारे एक कलम होते. प्रतिनिधींनी ते गाळले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १७८७ मध्ये, फिलाडेल्फिया येथे राज्यघटना तयार झाली. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेच्या शब्दांत शिरू देणे गैर आहे, असे मत जेम्स मॅडिसन यांनी त्या परिषदेत मांडल्याची नोंद आहे. मॅडिसन स्वतः गुलामांचे मालक होते. परिणामी घटनेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही आला नाही. मात्र गुलामी आली, आणि ती तीन ठिकाणी आली. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी ठरविताना स्वतंत्र नागरिकांच्या जोडीला ‘इतर व्यक्तीं’चे तीन पंचमांश धरावे, असे एक कलम होते. ‘अशा व्यक्तीं’च्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालता येणार नाही, असे दुसरे. आणि श्रमास बांधलेली एखादी व्यक्ती दुसऱ्या राज्यात पळून गेली, तर ती परत सोपवावी, असे तिसरे. ‘व्यक्ती’ हा शब्द येथे ज्या कामास लावला आहे, त्याच्या अगदी उलट त्याचा अर्थ आहे.

या सभ्य शब्दयोजनेचे व्यवहारातले फळ मोठे होते. ज्यांना मत नव्हते, अशा माणसांच्या मोजणीवर दक्षिणेला प्रतिनिधिगृहात अधिक जागा मिळाल्या आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत अधिक वजन मिळाले. पहिल्या १२ राष्ट्राध्यक्षांपैकी जॉन अॅडम्स आणि त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी अॅडम्स हे दोघे वगळता उरलेले सर्व आयुष्यात केव्हा ना केव्हा गुलामांचे मालक होते, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

गुलामी हळूहळू आपोआप मावळेल, अशी घटनाकारांपैकी अनेकांची आशा होती. कापसाने ती खोटी ठरविली. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने कापसातून सरकी वेगळी करणारे जिन तयार केले आणि आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणावर पिकविणे किफायतशीर झाले. लँकेशायरच्या गिरण्यांची भूक अमर्याद होती. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती. १८६० मध्ये ती सुमारे ३९ लाख ५० हजारांवर गेली. देशाची एकूण लोकसंख्या तेव्हा ३ कोटी १४ लाख होती. मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलिना या दोन राज्यांत तर निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती. युद्धाच्या आदल्या वर्षांत देशाच्या निर्यातीच्या मूल्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. त्यामुळे गुलामी ही केवळ दक्षिणेची चाल राहिली नाही. न्यूयॉर्कचे सावकार, न्यू इंग्लंडचे गिरणीमालक आणि लिव्हरपूलचे दलाल हे सर्व त्या व्यवहारात भागीदार झाले. १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव असे आणि त्याखाली माणसांच्या ओळी असत : वय, लिंग, वर्ण. नावाची जागा बहुतेक ठिकाणी नसेच.

ज्या विषयावर इतके अवलंबून होते, त्याची चर्चाच होऊ न देणे हे राजकारणाचे प्रमुख कौशल्य ठरले. १८३६ ते १८४४ या काळात प्रतिनिधिगृहाने असा नियमच केला, की गुलामीविरोधी अर्ज आले तर ते चर्चेविना बाजूला ठेवावेत. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स तेव्हा साधे सभासद म्हणून सभागृहात बसत. या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडले आणि शेवटी तो रद्द झाला. याच काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. सभागृहात अर्जाला बंदी आणि मळ्यावर अक्षराला बंदी, या दोन गोष्टी एकाच भीतीतून निपजल्या होत्या.

ही भीती किती सार्थ होती, ते १८४५ मध्ये दिसून आले. मेरीलँडच्या गुलामीतून १८३८ मध्ये निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि ते स्वतःच लिहिले असल्याचे मुखपृष्ठावर नमूद केले. आज ही नोंद आपल्याला अनावश्यक वाटेल. परंतु गुलामीचे समर्थन ज्या एका विधानावर उभे होते, त्याला ती थेट उत्तर देत होती. तक्त्यातली बिननावाची ओळ येथे प्रथमपुरुषी एकवचनात बोलू लागली होती. १८५२ मध्ये हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी ग्रंथरूपाने आली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. कलाकृती म्हणून या कादंबरीच्या मर्यादा उघड आहेत. तिच्यातील नायकाच्या सोशिकतेवर पुढील काळात कृष्णवर्णीय लेखकांनी घेतलेले आक्षेपही रास्त आहेत. तरीही जो शब्द सभागृहात उच्चारता येत नव्हता, तो तिने घरोघरच्या दिवाणखान्यांत नेऊन पोहोचविला, हे मान्य केले पाहिजे.

यापुढील दशकात तडजोडीचा प्रत्येक बांध फुटत गेला. १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला पकडून देण्याचे काम उत्तरेच्या नागरिकांच्याही गळ्यात पडले. १८५४ मध्ये कॅन्सस व नेब्रास्का यांच्याविषयीच्या कायद्याने १८२० ची सीमारेषा पुसली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस, मग तो स्वतंत्र का असेना, या देशाचा नागरिक होऊ शकत नाही असा निर्णय दिला. १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घातला आणि त्याबद्दल ते फासावर गेले. १८६० च्या नोव्हेंबरमध्ये, गुलामीचा नव्या प्रदेशांत विस्तार होऊ न देण्याची भूमिका घेणारे अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर निवडून आले आणि २० डिसेंबर रोजी दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाले.

या क्षणी भाषेची अदलाबदल झाली, आणि ती लक्षणीय आहे. संघराज्य वाचविण्यासाठी काँग्रेसने १८६१ च्या मार्चच्या आरंभी घटनादुरुस्तीचा एक मसुदा संमत केला. ज्या राज्यांत गुलामी आहे, तेथे काँग्रेसने कधीच हस्तक्षेप करू नये, असे त्याचे तात्पर्य होते. पुरेशा राज्यांनी तो मान्य केला असता, तर ती घटनेची तेरावी दुरुस्ती झाली असती. गुलामीला कायमचे अभय देणाऱ्या त्या मसुद्यातही ‘गुलामी’ हा शब्द नव्हता. याउलट फुटून निघालेल्या राज्यांना आता संकोच उरला नव्हता. त्यांनी ११ मार्च रोजी स्वीकारलेल्या नव्या घटनेत गुलाम हा शब्द उघडपणे लिहिला आणि गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदा करण्यास मनाई केली. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च रोजी सव्हाना येथील भाषणात सांगितले, की वंशांची विषमता हीच आपल्या नव्या शासनाची कोनशिला आहे. मिसिसिपीने आपल्या बाहेर पडण्याची कारणे प्रसिद्ध केली, त्यांत गुलामीचे स्थान पहिले होते. युद्ध कशासाठी, हे दक्षिणेने आरंभी लपविले नव्हते. टाळाटाळ करीत होती ती उत्तर.

१२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा धडाडल्या. आपले युद्ध संघराज्याच्या अखंडतेसाठी आहे, असे लिंकन सांगत राहिले. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामी असलेली चार राज्ये अद्याप उत्तरेकडे होती. ती हातची जाऊ नयेत, हे या सावधपणाचे कारण होते. परंतु ज्यांच्याविषयी कोणी बोलत नव्हते, त्यांनीच प्रश्न पुढे आणून ठेवला. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका होडीतून व्हर्जिनियातील फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्याशी आले. बंडखोरांच्या तोफांसाठी तटबंदी उभारण्याच्या कामावर त्यांना जुंपलेले होते. मालकाच्या वतीने एक अधिकारी आला आणि १८५० च्या कायद्यान्वये त्यांची मागणी करू लागला. किल्ल्याचे सेनापती बेंजामिन बटलर हे व्यवसायाने वकील होते. व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणविते, तेव्हा तिला आमच्या कायद्याचा आधार मागता येणार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. शत्रू या माणसांना मालमत्ता मानतो आणि युद्धकामास लावतो. म्हणून ती युद्धात जप्त करण्याजोगा माल ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादातील विरोधाभास विचार करण्यासारखा आहे. माणसाला मुक्त करण्यासाठी त्याला ‘माल’ म्हणावे लागले, कारण कायद्याच्या भाषेत दुसरा शब्दच उपलब्ध नव्हता. परंतु त्या तिघांनी तो शब्द वापरला नव्हता. त्यांनी फक्त वल्ही मारली होती. त्यांच्या मागोमाग काही दिवसांत शेकडो आणि युद्ध संपेपर्यंत लाखो स्त्रीपुरुष आपले मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे चालत आले. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात या घटनेला सार्वत्रिक संप म्हटले. मुक्ती ही वरून दिलेली देणगी नसून तिची सुरुवात खालून झाली होती, हा त्या संज्ञेचा आशय आहे.

लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. तो बंडखोर प्रदेशांपुरताच होता, त्याची भाषा सरकारी दस्तऐवजाची होती, आणि सेनापती म्हणून असलेल्या अधिकारात तो काढला होता. तथापि त्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. त्यांना आरंभी गोऱ्या सैनिकांहून कमी पगार देण्यात आला. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने तो अपुरा पगार घेण्याचेच नाकारले आणि न घेताच ती लढत राहिली. १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसने पगार समान केला.

लिंकन यांच्या दोन भाषणांतील अंतर याच वाटचालीचे अंतर आहे. १९ नोव्हेंबर १८६३ चे गेटिसबर्ग येथील भाषण जगातील वक्तृत्वाचा आदर्श मानले जाते. त्यात समतेचा उल्लेख आहे, स्वातंत्र्याच्या नव्या जन्माची आकांक्षा आहे. ‘गुलामी’ हा शब्द मात्र नाही. ४ मार्च १८६५ रोजी दुसऱ्यांदा शपथ घेताना मात्र त्यांनी तो स्पष्ट उच्चारला. गुलामांमध्ये गुंतलेले हितसंबंध हेच युद्धाचे कारण असल्याचे सर्वांना ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. या पापाचा दोष एकट्या दक्षिणेवर न टाकता साऱ्या राष्ट्रावर घेतला. सहा आठवड्यांनी, १५ एप्रिल रोजी, मारेकऱ्याच्या गोळीने त्यांचा अंत झाला. सेनापती ली ९ एप्रिललाच शरण आले होते. मृतांची संख्या दीर्घकाळ ६ लाख २० हजार मानली जाई. जनगणनेच्या आधारे झालेला अलीकडील अभ्यास ती ७ लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक मानतो.

६ डिसेंबर १८६५ रोजी तेरावी घटनादुरुस्ती मान्य झाली. अमेरिकेच्या घटनेत ‘गुलामी’ हा शब्द पहिल्यांदा आला तो ती नष्ट करणाऱ्या या वाक्यात. ७८ वर्षे ज्या गोष्टीला नाव नव्हते, ती नाव घेतल्यावाचून संपविता आली नाही. मात्र त्याच वाक्यात एक अपवाद होता : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेता येतील. दक्षिणेतील राज्यांनी बेकार हिंडणे हाच गुन्हा ठरविणारे कायदे केले आणि कैद्यांना मळ्यांवर व खाणींत भाड्याने देण्याची पद्धत रूढ झाली. शब्द गेला, त्याचा आशय फटीतून परत आला.

या युद्धाचा आपल्या प्रदेशाशी संबंध आला तो दोन वाटांनी, आणि त्या दोन्ही याच संदर्भात अर्थपूर्ण आहेत. पहिली वाट कापसाची. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, लँकेशायरला कापूस मिळेना आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला मुंबईच्या बाजारात सोन्याचे मोल आले. शेअरबाजाराला उधाण आले, समुद्र बुजवून जमीन करण्यासाठी कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी शहराचे अनभिषिक्त राजे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले आणि असंख्य घरे बुडाली. प्रेमचंद यांनी भरभराटीच्या काळात दिलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. या व्यवहारात गुलामांची मुक्ती ही भाव पाडणारी वार्ता होती. गासडीच्या किमतीत माणसाचे नाव कोठेच लिहिलेले नव्हते.

दुसरी वाट शब्दाची. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची येथली अवस्था ही धर्म, परंपरा, कर्मविपाक अशा शब्दांनी झाकलेली होती. फुले यांनी ती झाकणे दूर करून तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. मुंबईच्या बाजाराने जे युद्ध भावात वाचले, ते त्यांनी एका शब्दात वाचले.

येथे एक खेदाची गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. फुले ज्या सज्जनांना धन्यवाद देत होते, त्यांचा उत्साह नेमका याच काळात ओसरू लागला होता. त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ रोजी, लुइझियानातील कोलफॅक्स येथे निवडणुकीच्या वादातून सशस्त्र गोऱ्या जमावाने अनेक कृष्णवर्णीयांची हत्या केली. त्यांतील कित्येक शरण आलेले होते. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषींच्या शिक्षा रद्द केल्या आणि १८७७ मध्ये दक्षिणेतील पुनर्रचनेचा प्रयोग आवरता घेण्यात आला. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे एक सरकारी फलक लागला. त्याने या हत्याकांडाला दंगल म्हटले आणि दक्षिणेतील गैरकारभाराचा तेथे शेवट झाला, असे समाधान व्यक्त केले. तो फलक २०२१ मध्ये हटविण्यात आला. कोनशिलेचे भाषण करणारे स्टीफन्सही युद्धानंतर ग्रंथ लिहून सांगू लागले, की मूळ वाद राज्यांच्या घटनात्मक अधिकारांचा होता. या मांडणीने पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तके, कादंबऱ्या आणि चौकातील पुतळे व्यापले. पराभूतांनी रणांगण गमावले आणि शब्दकोश जिंकला, असे याचे वर्णन करता येईल.

हा शब्दकोश परत मिळविण्याचे काम डू बॉइस यांच्यासारख्या अभ्यासकांनी केले. त्यांच्याशी १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पत्रव्यवहार केला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. फुले यांनी सुरू केलेले वाचन असे पुढच्या पिढीत चालू राहिले.

‘यादवी’ हा शब्द आता मराठीतून जाणार नाही, आणि तो जावा असेही नाही; भाषेत रुजलेला शब्द काढून टाकण्याचा अधिकार समीक्षकाला नसतो. मात्र अमेरिकेच्या या युद्धाविषयी तो वाचताना त्याच्या आतील गृहीत तपासून घेणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. दोन भाऊ का लढले, असे विचारले की उत्तरात अखंडता, अधिकार, जकात, स्वाभिमान असे अनेक शब्द येतात. २३ मेच्या रात्री होडीत बसलेले तिघे कोठून निघाले होते, असे विचारले की उत्तर एका शब्दात देता येते.